दहा वर्षांच्या टुरिस्ट गाडीचे वार्षिक पासिंग : कामांच्या क्रमाचे एक प्रकरण

माझ्या आतेभावाची पांढरी डिझेल सेडान जुलै २०१४ मध्ये पुण्यात टुरिस्ट गाडी म्हणून नोंदवली गेली. हडपसरहून विमानतळाच्या फेऱ्या, आठवड्यातून एखाददुसरी मुंबई, सुट्ट्यांच्या दिवसांत महाबळेश्वर नाहीतर अष्टविनायक, असा तिचा दिनक्रम असून, हे प्रकरण सुरू झाले तेव्हा ओडोमीटरवर ३ लाख ४२ हजार किलोमीटर भरले होते. दादा स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असल्याने गाडीची निगा वाईट नाही, परंतु रोजची भाडी सांभाळून ज्या दुरुस्त्या होतात त्यांना 'चालू काम' म्हणतात आणि या गाडीवर अशी चालू कामे बरीच साठली होती. मी एका कारखान्याच्या वाहन विभागात बरीच वर्षे देखभालीचे काम पाहिले असल्यामुळे २०२४ च्या पासिंगची तयारी दादांनी माझ्याकडे सोपवली. त्या तीन आठवड्यांत ठेवलेल्या वहीवरून हे टिपण लिहिले आहे.

ज्याला बोलण्यात पासिंग म्हणतात ते कागदावर योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला नोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत याचा विचार करावा लागत नाही, पण पिवळ्या पाटीच्या गाडीचे तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ६२ प्रमाणे परिवहन वाहनाला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते, वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत नूतनीकरणही दोन-दोन वर्षांचे होते आणि त्यानंतर मात्र दर वर्षी तपासणी द्यावी लागते. दादांच्या गाडीने ही आठ वर्षांची रेषा ओलांडल्यानंतरचे हे दुसरे वार्षिक पासिंग होते. मुदत ३१ जुलै २०२४ रोजी संपत होती. ही तारीख किती गंभीर आहे ते मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे. वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन विधिवत नोंदलेलेच समजले जात नाही. म्हणजे प्रमाणपत्र संपलेल्या गाडीतून भाडे नेताना रस्त्यावर दंड होतो हा त्यातला लहान भाग असून, त्या दिवशी अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करण्याची आयती संधी मिळते हा मोठा भाग आहे.

मागच्या वर्षीचा शेरा

तयारीची सुरुवात मी गाडीपासून न करता २०२३ च्या कागदांपासून केली. त्या वर्षी गाडी पहिल्या खेपेस परत आली होती आणि शेरे दोन होते : हेडलाइटचा झोत वर जातो, आणि ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते. दुसऱ्या खेपेस ती पास झाली. मधल्या आठवड्यात काय केले, असे विचारल्यावर दादा म्हणाले, "मिस्त्रींनी चाक खोलून साफसफाई केली, ग्रीस लावलं, अलाइनमेंट करून घेतली. मग सरळ थांबायला लागली." आता पुन्हा ओढते का, असे विचारले तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, की पावसाळा लागल्यापासून ओढते आहे, पण स्टिअरिंग थोडे धरून ठेवले की कळत नाही.

मला या उत्तरात सगळे प्रकरण दिसले. जो माणूस रोज तीच गाडी चालवतो त्याचे हात गाडीचा दोष आपोआप भरून काढतात आणि काही महिन्यांनी त्याला तो दोष दोषच वाटेनासा होतो. तपासणीच्या पथावर मात्र आरटीओचे निरीक्षक चालकाला ठरावीक वेग घेऊन जोरात ब्रेक दाबायला सांगतात आणि बाहेरून पाहतात. त्यामुळे पासिंगची तयारी म्हणजे गाडी पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने ती चालवून पाहणे, असे मी समजतो, आणि त्यासाठी पहिली चाचणी दादांनी न घेता मी घेतली.

पुण्यातील पासिंग दिवे घाटावरच्या दिवे या गावी होते. मुंबई उच्च न्यायालयात पुण्याहून दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर राज्यात २५० मीटर लांबीच्या ब्रेक चाचणी पथाचा आग्रह धरला गेला. तोपर्यंत आरटीओ कार्यालयाच्या आवारात दहा पावले गाडी पुढे घेऊन होणारी ब्रेकची तपासणी तेव्हापासून खऱ्या वेगात होऊ लागली. जुन्या गाडीच्या मालकांना हा बदल जाचक वाटतो, मला तो योग्य वाटतो. दिव्याला जायचे तर हडपसरहून फुरसुंगीमार्गे दिवे घाट चढावा लागतो, आणि हा घाटच आम्ही आमची प्रयोगशाळा केला. माउलींची पालखी घाट चढून सासवडकडे गेल्यावर रस्ता मोकळा झाला तेव्हा, ४ जुलैच्या गुरुवारी सकाळी, पावसाने उघडीप दिलेली पाहून आम्ही निघालो.

घाटात दिसलेला दोष

वर सपाटीवर, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, ताशी ४० किलोमीटरवरून मी तीन वेळा जोरात ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरची बोटे केवळ टेकवून ठेवली. तिन्ही वेळा गाडीचे नाक डावीकडे गेले, सुमारे हातभर. ब्रेक न लावता मात्र ती सरळ चालत होती. हा भेद महत्त्वाचा आहे. गाडी सतत एका बाजूला जात असेल तर संशय टायरच्या हवेवर, टायरवर किंवा अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांच्या कोनांवर, जातो. ती केवळ ब्रेक लावल्यावरच जात असेल तर आधी पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकमधला फरक शोधायला हवा. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक बिघडला आहे अशी समजूत बऱ्याच चालकांमध्ये आढळते, आणि ती बहुतेक वेळा उलटी असते, कारण डावे चाक पूर्ण धरते आणि उजवे अर्धेच धरते म्हणून गाडी डावीकडे वळते. मागच्या वर्षी मिस्त्रींनी डावेच चाक जास्त वेळ खोलून पाहिले होते, असे दादांना आठवत होते.

उतारावर आम्ही मुद्दाम गिअर वरचा ठेवून, ब्रेकवर गाडी आवरत खाली आलो. ही पद्धत रोजच्या चालवण्यासाठी चुकीची आहे. घाट उतरताना इंजिनाचाच रोध वापरावा, पण येथे ब्रेक तापवणे हाच हेतू होता. पायथ्याशी थांबताच इन्फ्रारेड तापमापकाने दोन्ही पुढच्या डिस्क मोजल्या. डावी ११८ अंश, उजवी ६१. तापमापक नसता तरी चालले असते, कारण रिमजवळ तळहात नेल्यावर डाव्या चाकाची धग लगेच जाणवत होती आणि उजवे चाक जेमतेम कोमट होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उजवे चाक उतरवले. या गाडीच्या पुढच्या ब्रेकला सरकता कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, आहे. त्याच्या एकाच बाजूला पिस्टन असतो. पिस्टन आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या दाबाच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचे पॅड दुसऱ्या बाजूने डिस्कवर ओढतो. या दोन पिना मोकळ्या सरकल्या नाहीत, तर डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडण्याऐवजी एकीकडूनच रेटली जाते. आमच्या उजव्या चाकाचे आतले पॅड दोन मिलिमीटरवर आले होते आणि बाहेरच्यावर अजून सात मिलिमीटर माल शिल्लक होता. डाव्या चाकाची दोन्ही पॅड चार-चार मिलिमीटरवर समसमान झिजली होती. निदान करायला एवढे पुरेसे होते. तरी वरची पिन हाताने ओढून पाहिली. ती आली. खालची पिन पान्याने फिरवल्याशिवाय हलेना.

ती निघाल्यावर तिच्या टोकाची रबरी बाही मी हातात घेतली. नवी बाही पिनेवर घट्ट बसते आणि टणक असते. ही बाही फुगून पिनेच्या खोबणीबाहेर आली होती, बोटाने दाबल्यावर भिजलेल्या चिंचेसारखी मऊ लागत होती आणि तिच्यावर पिवळट, चिकट ग्रीसचा थर होता. मिस्त्रींना विचारले तेव्हा त्यांनी कपाटावरचा डबा दाखवला. चाकाच्या बेअरिंगला लावायचे साधे, खनिज तेलापासून बनवलेले ग्रीस त्यात होते. ब्रेकमधील बहुतेक रबरी भाग खनिज तेल सहन करत नाहीत, ते शोषून फुगतात. ब्रेकच्या पिनांना सिलिकॉनचे किंवा रबराला चालणारे म्हणून विकले जाणारे ग्रीसच लावायचे असते, आणि ते लहानशा पुडीत, तुलनेने महाग मिळते. मागच्या वर्षी चाक खोलून, पिना पुसून हे साधे ग्रीस लावल्याबरोबर कॅलिपर मोकळा सरकू लागला, गाडी सरळ थांबली आणि पास झाली. पुढच्या काही महिन्यांत रबर फुगत गेले आणि पिन पुन्हा अडकली. म्हणजे २०२३ मधल्या दुरुस्तीनेच २०२४ मधला दोष तयार केला होता. मिस्त्री भले गृहस्थ आहेत, त्यांनी तो डबा पुन्हा ब्रेकपाशी नेणार नाही असे कबूल केले आणि मजुरी निम्मी घेतली.

दोन्ही कॅलिपरच्या पिना, बाह्या आणि धूळ अडवणारे रबरी बूट नवे टाकले. पॅडही दोन्ही चाकांची नवी घातली, कारण पॅड एका चाकाचे बदलून दुसऱ्याचे जुने ठेवणे म्हणजे ओढ पुन्हा विकत घेणे होय. डिस्कची जाडी मोजून तिच्यावरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडली, ती पुरेशी होती. ब्रेक ऑइल काळपट झाले होते. ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उकळबिंदू खाली येऊन लांब उतारावर ते उकळू शकते, म्हणून ते पूर्ण काढून नवे भरले आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढली. मागच्या उजव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेक शू ऑइलने ओले झाले होते, ते दोन्ही बदलले. मागचे ब्रेक नीट बसवल्यावर हँडब्रेकची ओढ आपोआप कमी झाली, आधी नऊ दात ओढावे लागत होते ते पाचावर आले. दादांचा आग्रह आधी हँडब्रेकची केबलच ताणून घ्यावी असा होता. तसे केले असते तर ड्रममधील गळती झाकली गेली असती.

क्रम चुकल्याची किंमत

ब्रेकचे काम चालू असतानाच, मी दोन दिवस गावी गेलो होतो तेव्हा, दादांनी वेळ मिळाला म्हणून अलाइनमेंट करून घेतली. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु गाडी खड्ड्यातून जाताना डावीकडून 'खट्' असा आवाज येत होता आणि तो अजून कोणी तपासला नव्हता. परत आल्यावर पुढची चाके जमिनीवरून उचलून मी प्रत्येक चाक आधी घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले, मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले. पहिल्या पद्धतीने स्टिअरिंगच्या सांध्यांतील सैलपणा कळतो, दुसरीने बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा. डावे चाक नऊ-तीनला हलत होते, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) गेला होता. दोन्ही लिंक रॉडही सैल होते आणि डाव्या लोअर आर्मच्या बुशचे रबर फाटले होते. हे सगळे बदलणे भाग होते आणि टाय रॉड एंड बदलला की चाकांचा कोन हमखास बदलतो. केलेली अलाइनमेंट वाया गेली, चारशे रुपये पुन्हा द्यावे लागले.

चारशे रुपये मोठी रक्कम नाही, पण या प्रकरणातून मी जे मांडू पाहतो ते येथेच आहे. पासिंगच्या तयारीत प्रत्येक काम वेगळे वाटते, आणि प्रत्यक्षात एक काम दुसऱ्याच्या पायावर उभे असते. ब्रेक आणि सस्पेन्शन आधी, त्यानंतर टायर, टायर बसल्यावर अलाइनमेंट, आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर नीट उभी राहिल्यावरच हेडलाइटचा झोत, असा हा क्रम आहे. इंजिन आणि पीयूसी (धुराची तपासणी) समांतर चालू शकतात. रेडियम टेप, धुणे-पुसणे आणि रंगाचे ठिपके हे सर्वांत शेवटी. बहुतेक मालक याच्या नेमके उलट जातात, कारण टेप आणि बल्ब संध्याकाळच्या तासाभरात होतात, डोळ्यांना दिसतात आणि काही केल्याचे समाधान देतात.

पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा झिजून नक्षी दर्शक पट्टीला टेकली होती. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि टायरच्या खोबणीत मधूनमधून असलेल्या उंचवट्यांशी नक्षी समपातळीत आली की ती मर्यादा गाठली असे समजावे, त्यासाठी वेगळे मोजमाप लागत नाही. बाहेरून पाहता हे टायर ठीक दिसत होते. चाक पूर्ण वळवून, खाली वाकून आतली कड पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. स्टेपनीवर १६१९ असा चार अंकी शिक्का होता, म्हणजे २०१९ च्या सोळाव्या आठवड्यात बनलेला टायर. तो वापरला फारसा नव्हता, पण वयाने पाच वर्षांचा होता. स्टेपनी म्हणून तो ठेवला, रोजच्या चाकावर चढवला नाही आणि दोन नवे टायर घेतले.

झोत, धूर आणि बाकीच्या गोष्टी

हेडलाइटची कथा थोडी वेगळी आहे. मागच्या वर्षी झोत वर जातो असा शेरा होता, तो गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून खाली केला होता. या वर्षी पाहतो तो दादांच्या चिरंजीवांनी मूळचे ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब काढून पांढरे एलईडी बसवले होते. हॅलोजनच्या आरशासाठी आखलेल्या दिव्यात एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम मूळ जागेवर राहत नाही आणि झोताची खालची-वरची सीमा फुटते. गाडीत बसलेल्याला उजेड जास्त वाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जाते. असा दिवा कितीही खाली वाकवला तरी सुधारत नाही. हॅलोजन परत आले. चिरंजीव दोन दिवस नाराज होते. मग पिवळट पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्यावर जुन्याच बल्बचा उजेड पुरेसा पडू लागला आणि वाद मिटला.

झोत बसवण्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमधील भिंत वापरली. टायरची हवा बरोबर, चालकाच्या आसनावर माणूस, झोत खाली-वर करण्याची कळ शून्यावर आणि जमीन सपाट, एवढे पाहून गाडी भिंतीपासून पाच मीटर अंतरावर उभी केली आणि दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखली. खालच्या झोताची वरची सीमा दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर खाली उतरावी, म्हणजे पाच मीटरवर आखलेल्या रेषेच्या पाच ते साडेसात सेंटीमीटर खाली. आमचा उजवा दिवा रेषेच्या वर होता. डावा ठीक होता.

धुराच्या बाबतीत आम्ही पीयूसी केंद्रावर आधी केवळ आकडा पाहण्यासाठी गेलो. पुण्यात वाहनांच्या धुराचे बीएस-४ मानक एप्रिल २०१० पासूनच लागू झाले होते. त्यामुळे ही गाडी बीएस-४ ची आहे आणि तिला धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ आहे. डिझेल गाडीची चाचणी उभ्या गाडीवर, अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून, पुन्हा सोडून, अशी काही वेळा करतात आणि सरासरी काढतात. आमचा आकडा १.९० आला. एअर फिल्टर काढला तर तो आतून राखाडी झाला होता, कारण हडपसर ते विमानतळ हा रस्ता कित्येक महिने खोदलेला होता. फिल्टर बदलला, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर वाल्व्हवर साठलेली काजळी काढली, आणि मग गाडी सासवड रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जरा चढ्या वेगाने तीसेक किलोमीटर चालवली, म्हणजे गर्दीच्या वाहतुकीत महिनोन्महिने धूर निघण्याच्या मार्गात साठलेली काजळी निघून जावी. इंजिन गरम असतानाच पुन्हा चाचणी दिली. आकडा ०.९४. इंजिन थंड असताना पीयूसीला जाणे ही वाया घालवलेली फेरी असते, आणि चाचणीपूर्वी इंजिन ऑइलची पातळी न पाहणे हे धाडस आहे, कारण त्या काही सेकंदांत इंजिन कमाल फेऱ्यांवर जाते.

बाकीचे भराभर उरकले. पाटीवरचा दिवा, रिव्हर्सचा एक दिवा आणि मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट बंद होते. वायपरची रबरे पावसाळ्यात घासत होती. दादांनी हौसेने बसवलेला बहुस्वरी हॉर्न काढून मूळचा जोडला. काचांवर फिल्म नव्हती, पण मागच्या दारांना चिकटवलेल्या काळ्या जाळ्या होत्या, त्या काढल्या. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. सीटबेल्टपैकी मागच्या मधल्या बेल्टचे बक्कल सीटखाली हरवले होते, ते सापडले, त्याबरोबर कोणाची तरी चांदीची जोडवीही सापडली. प्रथमोपचार पेटीतील औषधांची मुदत संपली होती. चाचणीच्या आदल्या दिवशी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी परावर्तक पट्टी लावली आणि वेगनियंत्रकाचे सील शाबूत असल्याचे पाहिले. तो ताशी ८० वर बसवलेला आहे. चेसिसचा नंबर मातीने भरला होता, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसला. येथे पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये, कारण खरवडल्यासारखा दिसणारा नंबर पाहून जो संशय येतो तो निस्तरायला वर्ष पुरत नाही.

कागदांचे काम ऑनलाइन झाले. त्यात अडले ते एका ठिकाणीच. महामार्गावरची दोन ई-चलाने भरायची राहिली होती आणि त्यांचे संदेश दादांच्या जुन्या, बंद पडलेल्या क्रमांकावर जात होते. क्रमांक बदलला, चलाने भरली, मग अर्ज पुढे सरकला. हलक्या वाहनाच्या चाचणीचे ४०० आणि प्रमाणपत्राचे २०० असे शुल्क तेव्हा होते. एका एजंटाने सगळे मिळून काही हजारांत 'बिनघोर' करून देण्याची तयारी दाखवली होती. रांगेत उभे राहण्याचे आणि अर्ज भरण्याचे पैसे कोणी घेतले तर मला त्यात गैर वाटत नाही. ज्याला भाडे सोडून दिवस घालवणे परवडत नाही त्याच्यासाठी ती सोय आहे. पण पथावर गाडी सरळ थांबवण्याची सोय एजंटाकडे नसते.

दिव्याचा दिवस

सोमवार, २२ जुलैची वेळ मिळाली होती. मुदतीच्या नऊ दिवस आधीची ती वेळ मी मुद्दाम घेतली होती, की गाडी परत आली तर दुसरी खेप मुदतीतच बसावी. मुदत उलटल्यास दर दिवशी ५० रुपये जादा शुल्काची तरतूद नियम ८१ मध्ये आहे आणि त्याच वर्षी तिच्या विरोधात रिक्षा-टॅक्सीवाल्यांची आंदोलनेही झाली. पण दादांच्या बाबतीत खरे नुकसान शुल्काचे नसून बुडणाऱ्या भाड्यांचे झाले असते.

पहाटेपासून पाऊस होता. रांगेत आमच्यापुढे दोन टेम्पो, एक शाळेची व्हॅन आणि एक गाडी जिच्यावर हार अजून ताजा होता. निरीक्षकांनी चेसिस आणि इंजिनाचे नंबर कागदाशी ताडले, छायाचित्रे घेतली, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, आरसे पाहिले, टायरच्या आतल्या कडेवर टॉर्च मारला. मग गाडी पथावर घ्यायला सांगितली. पथ ओला होता. दादांच्या हातांना डावीकडची ओढ आवरण्याची सवय होती आणि नेमकी ती सवय मोडण्यासाठी आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडून घाटाच्या माथ्यावर आठ-दहा वेळा मोकळ्या हातांनी ब्रेक लावून घेतला होता, नाहीतर ओढ गेल्यावरही त्यांनी सवयीने स्टिअरिंग उजवीकडे दिले असते आणि गाडी उलट्या बाजूला गेली असती. सरावाच्या पहिल्या दोन खेपांना तसेच घडले होते. पथावर गाडी आपल्या रेषेत थांबली. निरीक्षकांनी हात वर करून पुढे जायला सांगितले, हँडब्रेक चढावर लावून पाहिला, आणि मागच्या वर्षीचा शेरा पाहून एकच प्रश्न विचारला, "ब्रेकचं काय केलं होतं?" दादांनी पिनेची हकीकत सांगायला सुरुवात केली, तेव्हा मागे रांग लांबली होती, म्हणून त्यांनी हसून थांबवले.

उतरताना आम्ही पहिल्यासारखाच वरच्या गिअरमध्ये घाट उतरलो आणि पायथ्याशी तापमापक लावला. डावी डिस्क ९६ अंश, उजवी ९२.

खर्चाचा हिशेब वहीत असा आहे. पुढच्या ब्रेकचे ३,८००, मागच्यांचे २,६००, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या सुट्या भागांचे ५,२००, दोन वेळच्या अलाइनमेंटचे ८००, टायरचे ९,२००, फिल्टर आणि ईजीआरचे १,९००, बल्ब, पॉलिश, वायपर वगैरे १,६५० आणि पट्टीचे ९०० रुपये. एकूण २६,०५० झाले. यांपैकी निव्वळ पासिंगसाठी म्हणून झालेला खर्च पट्टीचा आणि फार तर दिव्यांचा, बाकी सगळा गाडीला वर्षभरात कधीतरी करावाच लागला असता आणि त्यातला ब्रेकचा भाग तर गेल्याच वर्षी नीट करायला हवा होता. दादांना हे पटायला थोडा वेळ लागला, कारण पैसे एकाच महिन्यात गेले होते.

दोन कामे मी जाणूनबुजून सोडली. मागचा उजवा शॉक अॅब्झॉर्बर बाहेरून ओलसर दिसतो, पण गाडी दाबून सोडल्यावर एकाच उसळीत स्थिर होते, म्हणून त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. उजव्या दाराखालच्या पत्र्याला जॅक लावण्याच्या जागी गंज धरला आहे, त्याला छिद्र पडलेले नाही, पावसाळा संपल्यावर तो खरवडून रंगवायचा. वहीच्या शेवटच्या पानावर जानेवारीची तारीख घालून ठेवली आहे : दोन्ही कॅलिपरच्या चारही पिना काढून, बाह्या बोटाने दाबून पाहणे, आणि सिलिकॉन ग्रीसची उरलेली पुडी दादांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातच आहे ना हे विचारणे.